झाकण उघडू नका

मी रहिमतपूरच्या रंगुबाईंच्या पडवीतला जुना डीप फ्रीझर आहे. मित्रांनो, माझं काम गार ठेवण्याचं, पण आजही मी संतापलेलो आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. आधी एका आइस्क्रीमच्या दुकानात राबलो, मग रंगुबाईंनी मला घरी आणलं. लग्नकार्यांना त्या मटण पुरवतात. "माझा फ्रीझर लय इमानी हाय," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

गेल्या उन्हाळ्यात उसाच्या ट्रॉलीनं विजेचा खांब पाडला. तेव्हा माझ्या पोटात दोन दिवसांवरच्या हळदीचं मटण होतं. सकाळ झाली तरी वीज आली नाही. रंगुबाईंनी माझ्यावर घोंगडं टाकलं आणि मुलाला बजावलं, "अमृत, झाकण उघडायचं न्हाई. बंद ऱ्हायलं तर गारवा टिकंल. मी कोरेगावला बर्फ बघते. मिळाला की फोन करते, गाडी घेऊन ये. इन्व्हर्टरवर फकस्त फोन चार्ज कर."

"व्हय गं आई," अमृत म्हणाला.

त्या वळल्या आणि यानं टीव्हीवर क्रिकेट लावलं! मित्र पप्पू कोल्ड्रिंकच्या गरम बाटल्या घेऊन आला. घोंगडं फेकून त्यांनी त्या माझ्यात कोंबल्या. झाकण नीट बसेना, तसंच अर्धवट सोडलं. वर पुन्हा पुन्हा डोकावून बघायचं, "गार झाल्या का रं?" मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. दुपारी इन्व्हर्टर बंद पडला. फोनची बॅटरी तर गेम खेळून आधीच संपली होती.

तिकडे रंगुबाई फोन लावून लावून थकल्या. शेवटी रिक्षा करून आल्या. पोत्यातला बर्फ वितळून त्यांचं लुगडं ओलं झालं होतं. त्यांनी झाकण उचललं. मटण मऊ पडलं होतं, वास सुटला होता.

तेवढ्यात वीज आली. अमृत म्हणाला, "आई, परत गोठवू. मसाल्यात कुणाला कळतंय?"

"हळदीला लेकरं जेवणार हायत. तुझ्या लेकीला वाढशील का ह्यातलं?"

तो मला लाथ मारून म्हणाला, "ह्यो खटाराच बाद झालाय!"

मी बाद? माझी मोटर तर तेव्हाही घरघरत होती!

"त्येला लाथ मारू नगंस," रंगुबाई कडाडल्या. "कुदळ घे."

परड्यात खड्डा खणून सगळं पुरलं. मग फोनवरून त्यांनी हळदीच्या घरी खरं ते सांगितलं. पलीकडून शिव्या आल्या. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या. अमृत मातीच्या हातांनी तिथंच उभा होता.

मित्रांनो, वीज जाते तेव्हा माझा इलाज चालत नाही. पण झाकण मिटलेलं ठेवायला वीज लागत नाही. तेवढंही जमत नसेल, तर निदान मला लाथ मारू नका.