हाक मारायचं नाव

अर्जाचे सगळे रकाने भरून झाले आणि तिचं पेन शेवटच्या रकान्यापाशी अडलं. 'कागदोपत्री नावाऐवजी वर्गात ज्या नावाने हाक मारलेली आवडेल, ते नाव.'

"हे भरलंच पाहिजे का?" तिने खिडकीतल्या कारकून मुलीला विचारलं.

"तसं काही नाही काकू. पण बरेच जण भरतात. कुणाला कागदावरचं नाव आपलं वाटत नाही, कुणाला ते नकोसं झालेलं असतं. म्हणून विद्यापीठ हल्ली विचारतं."

अठ्ठावन्न वर्षांत तिला असं कुणी विचारलं नव्हतं. इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर तिने एकतीस वर्षं काढली. तिथे ती नुसती 'ऑपरेटर' होती. शेजाऱ्यांची मावशी, बँकेत आडनाव. कधी न पाहिलेल्या गावांना फोन जोडता जोडता नकाशांचं वेड लागलं, म्हणून निवृत्तीनंतर ती भूगोलाला प्रवेश घेत होती. तिला लाडाच्या नावाने हाक मारणारं माणूस एकच, थोरली बहीण. दोघी जन्मभर एका घरात राहिल्या. ताईला जाऊन आठ महिने झाले होते, आणि त्या घरात तेव्हापासून तिला कुणी हाकच मारली नव्हती.

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि चोरी करत असल्यासारखं घाईघाईने लिहिलं : भिंगरी.

पहिल्याच तासाला प्राध्यापकांनी हजेरी घेतली. ते तिच्या निम्म्या वयाचे होते. ती मागच्या बाकावर, खिडकीबाहेर पाहत बसलेली.

"भिंगरी."

"आले गं ताई!"

वर्ग खो खो हसला. ती बाकावरून अर्धी उठली होती, तशीच राहिली. प्राध्यापकांनाही हसू आवरेना. मग तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि त्यांनी घाईने पुढचं नाव घेतलं.

तास सुटताच तिने कार्यालयाची खिडकी गाठली.

"माझं ते नाव काढून टाक बाई."

"आता सत्र संपल्यावरच काकू, याद्या गेल्या सगळीकडे. कुणी चिडवलं का?"

"चिडवलं असतं तर परवडलं असतं गं."

संध्याकाळी स्वयंपाकघरात उभं राहून तिने ते नाव स्वतःच्या तोंडाने म्हणून पाहिलं. आवाज ऑपरेटरचा आला. स्वच्छ, नम्र, कुणालाच न ओळखणारा. पुन्हा काही तिला ते म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना प्राध्यापक तिच्या नावापाशी थबकले.

"काकू, तुम्ही आलेल्या दिसताय," ते हळुवारपणे म्हणाले, आणि खूण करून पुढच्या नावाकडे वळले.

"सर."

दहा-बारा माना मागे वळल्या.

"यादीत लिहिलंय ते म्हणाल का?"

"म्हणजे... कालसारखं पुन्हा तुम्हाला..."

"म्हणा तर खरं."

त्यांनी नाव घेतलं. नीट, जरा जपून, परक्या माणसाने घ्यावं तसं. ताईसारखं ते मुळीच नव्हतं. ती बाकावरून पूर्ण उठून उभी राहिली. कुणी हसलं नाही.

"हजर," ती म्हणाली.