गरजेचा रकाना

"अहो, जरा तिरका करा, दाराला लागतोय!"

"तिरका केला तर आतलं दूध सांडेल."

"दूध काढलं नाहीत?"

"तू म्हणालीस घाई करा. दूध काढा असं नाही म्हणालीस."

फ्रिजच्या एका बाजूला जावई, दुसऱ्या बाजूला मुलगी आणि दारात अडकलेला फ्रिज. शेजारच्या शिंपीणबाईंनी आपल्या खोलीत जागा करून ठेवली होती. दुपारी तीन वाजता पेन्शन कचेरीच्या तपासनीस बाई येणार होत्या. त्याआधी घर गरीब दिसायला हवं होतं.

आप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून हे सगळं पाहत होते. मग म्हणाले, "जावईबापू, कंबर मोडून घ्याल. ठेवा तो जागेवर."

"आप्पा, तुम्ही यात पडू नका."

"माझ्याच पेन्शनीचं चाललंय ना? मग मी नाही तर कोण पडणार? ठेवा म्हणतो ना."

आप्पा सरकारच्या रस्ते खात्यात चौतीस वर्षं रोलर चालवत होते. लोक त्यांना रोलरआप्पाच म्हणत. आता रोलर म्हणजे माणसाच्या चालीनं चालणारं यंत्र. तीस पावलं पुढं, तीस पावलं मागं, पुन्हा पुढं. अशा चालीनं आप्पांनी आयुष्य काढलं. किती मैल झाले ते त्यांनी कधी मोजलं नव्हतं, पण गावात असा मोठा रस्ता नव्हता, जो त्यांच्या चाकाखालून गेला नव्हता.

निवृत्त झाल्यावर बारा वर्षं पेन्शन बिनबोभाट येत होती. तिच्यातूनच या दोन खोल्यांचं भाडं जाई. मग नवा नियम आला. निवृत्तांची पेन्शन आणि निराधारांची मदत सरकारनं एकाच खात्यात टाकली. मदत म्हटली की गरज बघणं आलं, आणि गरज बघायची तर घर बघणं आलं. घरात कमावता माणूस असेल, चार वस्तू बऱ्या असतील, तर पेन्शन निम्मी. म्हणून ही फ्रिजची मिरवणूक.

जावयानं फ्रिज खाली टेकवला आणि घाम पुसला. "आप्पा, सरळ बोलतो, राग मानू नका. तुमच्या पगारातून जे कापलं होतं ते कधीच संपलं असेल. आता येतंय ते आमच्यासारख्यांच्या करातून. मला म्हातारपणी कोण देणार आहे? कोणी नाही. मग ही मदत नाही तर काय आहे? मिळतेय तोवर घ्यावी आणि गप्प बसावं. थोडं खोटं बोलायला लागलं तर बोलावं."

"बोलून झालं?"

"झालं."

"मग बसा. उभ्यानं ऐकण्यासारखं नाही हे."

जावई फ्रिजलाच टेकून बसला. आप्पांची समजावून सांगायची एक रीत होती. ते कधी आवाज चढवत नसत. एकेक गोष्ट हातात दिल्यासारखी देत.

"मी लागलो त्याच्या चौथ्या वर्षी एक खाजगी ठेकेदार आला. म्हणाला, माझ्याकडे ये, दुप्पट पगार देतो. आमच्यातले तिघं गेले. मीही निघालो होतो. साहेबांनी बोलावलं, म्हणाले, पगार कमी आहे खरा, पण त्यातला काही भाग आम्ही पुढं ढकलतोय. हात चालेनासे होतील तेव्हा देऊ. त्या शब्दावर मी तीस वर्षं अर्ध्या पगारात राबलो. सरकारनं काम तेव्हाच करून घेतलं. पैसे मात्र नंतर द्यायचे ठरले. आता द्यायची वेळ आली, तर म्हणतात तुला गरज आहे का ते दाखव. दुकानातून तेल नेल्यावर आपण दुकानदाराला विचारतो का, तुला पैशांची गरज आहे का म्हणून?"

"ते वेगळं."

"बरं, वेगळं. मग तुमचा कारखाना बंद पडला तेव्हाचं घ्या."

जावयाची मान खाली गेली. मुलीनं डोळ्यांनी 'नको' म्हटलं, पण आप्पा थांबले नाहीत.

"अडीच महिन्यांचा पगार थकलेला. मालकानं फाटकाशी पाकिटं वाटली. वर काय म्हणाला?"

"...घरी अडचण असेल, तेवढीच मदत."

"तुम्ही पाकीट आणलंत आणि त्या कपाटावर आपटलंत. चार दिवस नीट जेवला नाहीत. पैसे कमी होते म्हणून?"

मुलगी हळूच म्हणाली, "ते म्हणाले होते, माझाच पगार मला भीक म्हणून दिला."

"मग झालं तर," आप्पा म्हणाले. "तुम्हाला पुढं पेन्शन नाही, हा तुमच्यावरचा अन्याय. त्याच्यासाठी भांडा, मी काठी घेऊन पुढं चालतो. पण तुम्हाला नाही म्हणून मलाही नको, हे कुठलं गणित? आणि निराधाराला मदत मिळावी, जरूर मिळावी, घेणाऱ्यानं मान खाली घालू नये. पण माझं ते नाही. माझं काम झालेलं आहे. त्यावरून रोज बस जाते."

दारावर टकटक झाली. फ्रिज अजून दारातच होता. तपासनीस बाईंना अंग चोरून आत यावं लागलं.

बाई तिशीच्या. चपलेचा पट्टा तुटलेला, काखेत फायलींचा भारा. त्यांनी फ्रिजकडे पाहिलं, जावयाच्या घामाकडे पाहिलं आणि आधी पाणी मागितलं.

"कितवं घर?" आप्पांनी विचारलं.

"सकाळपासून अकरावं."

"बाकीच्यांकडे काय दिसलं?"

बाई हसल्या. "फ्रिज कोणाकडेच नाही, आजोबा. भिंतीवर फ्रिजएवढा पांढरा चौकोन मात्र सगळ्यांकडे आहे."

मुलीला हसू आवरेना. वातावरण जरा सैल झालं. बाईंनी फॉर्म काढला आणि प्रश्न सुरू केले. घरात माणसं किती? तीन. कमावतं कोण? जावई कमावतात, मुलगी शिवणकाम करते. आप्पा खरं सांगत गेले आणि जावई प्रत्येक उत्तराला एकेक सुस्कारा सोडत गेला. शेवटी बाई एका रकान्याशी थांबल्या.

"मदतीची गरज. आहे की नाही? आहे म्हणालात तर कारण लिहायचं. नाही म्हणालात तर पुढच्या महिन्यापासून निम्मी."

"हे विचारायचा संबंध नाही, असं लिहा."

"एवढं मावणार नाही, आजोबा."

"बारीक अक्षरात लिहा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आवाज उतरवून म्हणाल्या, "हे बघा, मुलीचं कुटुंब वेगळं राहतं असं मी लिहू शकते. मला कोण विचारतंय? मी स्वतः कंत्राटावर आहे, मला पेन्शन नाहीच. पण तुमची जाऊ नये असं वाटतं."

जावयानं आशेनं मान वर केली. आप्पा बाईंकडे पाहत राहिले. त्यांना ती पोर आवडली होती आणि तिला नाही म्हणणं जड जात होतं.

तेवढ्यात मुलगीच पुढं झाली. "बाई, कारण हवंय ना? मी सांगते कारण. मी नऊ वर्षांची होते. आईला अचानक दवाखान्यात नेलं. मुकादम निरोप घेऊन रस्त्यावर गेला, तर यांचा रोलर नुकत्याच टाकलेल्या डांबरावर चालू होता. गरम डांबरावर रोलर उभा केला की चाकाखाली रस्ता बसतो, खोलगट होतो, तो पुढं कायमचा. दुसरा चालक नव्हता. म्हणून यांनी तेवढी पट्टी पुरी केली. पाऊण तास. दवाखान्यात पोचले तेव्हा आईच्या तोंडावर..."

"पुरे."

आप्पा उभे राहिले होते. आवाज मोठा नव्हता, पण घरात तो कोणी पूर्वी ऐकला नव्हता.

"आप्पा, मी खरं तेच सांगतेय."

"खरं आहे म्हणूनच पुरे. तुझी आई रकान्यात भरायची नाही. त्या पाऊण तासाचं माझं मी बघीन. ते दाखवून मी कोणापुढं हात पसरणार नाही. मग मात्र ही खरोखरच भीक होईल." ते बाईंकडे वळले. "बाई, तुम्ही मनानं चांगल्या आहात. पण तुम्ही खोटं लिहिलंत तर नोकरी तुमची जाईल, आणि सरकारचंच म्हणणं खरं ठरेल, की ही म्हातारी माणसं मदतीसाठी लबाडी करतात. चौतीस वर्षं काम केलं, पगाराचा भाग मागे ठेवला होता, तो मागतोय. एवढंच लिहा. मावत नसेल तर मागच्या कोऱ्या बाजूला लिहा. मी सही करतो."

बाईंनी जावयाकडे पाहिलं. हाच काय तो घरातला शहाणा माणूस, असं त्यांना वाटलं असावं. जावई कपाटाकडे बघत होता. मग तो म्हणाला, "ते सांगतात तसं लिहा. पान उलटा."

बाईंनी कागद उलटा केला आणि शब्द न् शब्द लिहून घेतला. जाताना म्हणाल्या, "कोणी वाचेल की नाही, माहीत नाही."

"तुम्ही वाचलंत ना," आप्पा म्हणाले. "सुरुवात झाली."

पेन्शन निम्मी झाली. खोटं कशाला सांगायचं, त्रास झाला. पुढच्याच महिन्यात एक खोली सोडावी लागली. आप्पांची खाट व्हरांड्यात आली, मुलगी अंधार पडेपर्यंत मशीन चालवू लागली. जावई एकदोनदा वैतागून म्हणाला, "आप्पा, तुमचा स्वाभिमान महागात पडला." आप्पा म्हणाले, "पडला खरा. तुम्हाला पडला, त्याचं वाईट वाटतं." तो आप्पांच्या खाटेला ऊन लागू नये म्हणून पडदा बांधायला उठला.

तक्रारींचे तीन अर्ज झाले. उत्तर एकाचंही आलं नाही. पण दर महिन्याला पेन्शनच्या खिडकीवर रजिस्टरात सही करायची असे. पहिल्याच महिन्यात आप्पांनी सही केली आणि तिच्या वर चार शब्द लिहिले: निम्मी पोचली, निम्मी बाकी.

"आजोबा, इथं फक्त सही," कारकून म्हणाला.

"सही केलीय की."

"वर काय खरडलंय ते? रजिस्टर खराब केलंत."

"खराब कुठं? ओळ सोडली नाही, डाग पाडला नाही. जेवढं मिळालं तेवढ्याचीच पोच देतोय. पुऱ्याची दिली तर तुम्ही पकडाल मला."

कारकून कपाळावर हात मारून पुढच्याला हाक मारता झाला. दुसऱ्या महिन्यातही तेच. तिसऱ्या महिन्यात आप्पांच्या मागं सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त आयाबाई उभ्या होत्या. पांढरी साडी, जाड चष्मा, दंडाला पिशवी. आप्पांचं लिहून झाल्यावर आयाबाईंनी त्यांचा सदरा ओढला.

"काय हो, दर महिन्याला काय लिहिता एवढं?"

आप्पांनी वाचून दाखवलं. आयाबाईंनी ते ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून बघितलं.

"माझंही लिहा."

"तुमचं मी कसं लिहू? पोच ज्याची त्यानं द्यायची. लिहिता येतं का?"

"नाव येतं. नातीनं शिकवलं. पुढचं काही नाही."

"मग इकडं या."

खिडकीशेजारच्या कट्ट्यावर आप्पांनी जुन्या पाकिटाची पाठ पसरली आणि चार शब्द ठळक अक्षरांत काढून दिले. "घाई नाही. आधी काना, म्हणजे उभी काठी. सलाइनची काठी असते ना दवाखान्यात, तशी. हां. आता तिला फुगा अडकवा."

"ओ मास्तर," रांगेतून कोणी ओरडलं, "शाळा घरी भरवा!"

आयाबाईंनी मान वर न करताच उत्तर दिलं. "तुझ्यासारख्या शंभरांचं ढुंगण धुतलंय मी दवाखान्यात. थांब जरा."

रांगेत हशा पिकला. ओरडणारा हसला आणि भिंतीला टेकला.

पाकिटाची जागा तिसऱ्यांदा लिहिताना संपली. आयाबाई पेन मुठीत धरून खिडकीशी गेल्या आणि रजिस्टरात लिहू लागल्या. अक्षरं हरभऱ्याएवढी मोठी. पहिले तीन शब्द कसेबसे त्यांच्या चौकटीत बसले, चौथ्याला जागा उरली नाही. त्यांनी क्षणभर विचार केला आणि 'बाकी' हा शब्द रेघ ओलांडून शेजारच्या कोऱ्या चौकटीत लिहून टाकला.

"अहो आजी!" कारकून अर्धवट उठला. "ती साहेबांच्या सहीची जागा आहे!"

"असू दे," आयाबाई म्हणाल्या आणि वेलांटीचं टोक सावकाश पुरं केलं. "त्यांना वाचायला बरं."