गोजरबाईच्या मापाचा रॅक

चार वाजता सिल्लोडचा माणूस विकत घेतलेली पिकअप न्यायला येणार होता, आणि हौद्यातला लोखंडी रॅक अजून जागचा हलला नव्हता.

हा रॅक सर्जेरावनं बायकोच्या मापानं करून घेतला होता. गोजरबाई हौद्यात उभी राहून लोणची विकायची. वरच्या फळीवरची बरणी तिच्या खांद्याला यायची, हात उंचावायला नको की कंबर वाकवायला नको. तिला जाऊन तेरा महिने झाले. तेव्हापासून गाडी लिंबाखाली उभी होती. दोन पावसाळे तिच्यावरून गेले. आता पैठणची लेक मोनिका आईचा धंदा पुढं चालवणार होती. त्यासाठी तिनं स्वतःची दुसरी पिकअप घेतली होती, आणि आईचं म्हणून फक्त हा रॅक मागितला होता. उंचीला ती आईएवढीच.

रॅकचे चार पाय, चार बोल्ट. डाव्या अंगाचे दोन पाना लावताच फिरले. उजव्या अंगाचे दोन गंजून दगड झाले होते.

"भाऊ, ग्राइंडर मारतो," गॅरेजवाला नवाब म्हणाला. "दो मिनिट का काम."

"डोकी आत खोबणीत हायेत. तुझं पातं पोचंल तिथं?"

"नाय. वरून पाय कापायचा."

"मंजी किती जाईल?"

"चार बोटं."

"मग दिवसभर पोरीनं वाकून धंदा करायचा व्हय? नाय जमायचं."

"नंतर तुकडा जोडून देतो ना!"

"जोडाचा पाय बरण्यांच्या वजनानं मुडपंल. तू डिझेल आण."

डिझेल सोडून झालं, हातोडीनं ठोकून झालं. सर्जेराव पान्यावर सगळा भार देऊन लोंबकळला. पाना सटकला, बोटांची साल गेली. बोल्टाच्या कडा झिजायला लागल्या होत्या. अजून दोनदा सटकला असता, तर मग कापण्यावाचून गत नव्हती.

"आप्पा, ऱ्हाऊ द्या," मोनिका म्हणाली. "मी वाकून घेईन."

सर्जेराव हौद्याच्या काठावर बसला. वर्षभर घरातली एक बरणी त्याच्याच्यानं उघडवली नव्हती. गोजरबाईनं शेवटची भरलेली. झाकण घट्ट बसलं होतं. तो नुसताच बघायचा अन् परत ठेवायचा. ती असती तर झाकणावर गरम पाण्याचं फडकं ठेवलं असतं, आधी जरा आवळलं असतं अन् मग सोडवलं असतं. म्हणायची, "रुसलेल्याला आधी त्याच्याच बाजूनं घ्यावं."

तो उठला. "नवाब, गॅसची ज्योत पेटव. बोल्ट तापव."

बोल्ट तापला. सर्जेरावनं पाना लावला आणि उलटा फिरवायच्या ऐवजी आवळला.

"अरे, क्या कर रहे भाऊ! आवळताय काय?"

"गप बस."

केसभर आवळला. मग केसभर सोडला. परत आवळला. गंजाचा लाल भुगा गळायला लागला. तिसऱ्या खेपेला बोल्ट कुरकुरला आणि फिरला. दुसऱ्याला अर्धा तास लागला, पण तोही आला.

तिघांनी मिळून रॅक मोनिकाच्या गाडीत चढवला. ती हौद्यात उभी राहिली. वरची फळी बरोबर खांद्याला आली. सर्जेरावनं दुसरीकडं तोंड वळवून उगाच पाना पुसला.

नवाब सुटलेले चारही बोल्ट हातात घेऊन बघत होता. "भाऊ, डावीकडचे ये दो इतने आसान कैसे खुले? नवे दिसतात."

सर्जेरावनं ते नाकाशी नेले. मोहरीचा वास. उजवीकडं तिची मिठातल्या मिरच्यांची पिंपं असायची. डावीकडं तेलातला आंबा. तेल सांडायचं, हौदा चिकट व्हायचा, आणि तो रोज तिच्याशी भांडायचा. गाडीची वाट लावली म्हणायचा.

मोनिकाच्या गाडीत रॅक बसवायला आणलेल्या नव्या बोल्टांना त्यानं स्वतःच्या हातानं तेल लावलं आणि ते आवळले.

"मोने," तो म्हणाला, "मिरच्या ठेवशील तिथं रोज तेलाचा हात फिरव. अन् तेल सांडलं तर कोणाचं ऐकू नको. माझंबी नाय."

"आणि तुम्ही, आप्पा? गाडी तर चालली."

"मी येतो पैठणला. उद्या बाजार हाय ना तुझा? एक बरणी उघडायची राहिलीय घरी. घेऊन येतो."