पडायला सवड नसलेली काठी

देवणीच्या त्या शाळेत भूकंपाची तालीम वेगळी घ्यावी लागत नाही. मुख्याध्यापक गुरुपादप्पा सरांनी त्र्याण्णव सालचा भूकंप पाहिलेला. टेबलावरचा पेला थरथरला की ते स्वतःच घंटा बडवतात. त्या दुपारीही बडवली. सगळी शाळा मैदानात आली, खिचडी शिजवणाऱ्या गौरम्मा पातेल्यासकट.

थरथर निघाली प्रयोगशाळेतून. विज्ञानाच्या बुद्धप्रिया मॅडमनी सुताराचं जिगसॉ मशीन पातं काढून बाकाला उभं आवळलं होतं आणि त्याच्या खालीवर होणाऱ्या दांड्यावर बिजागरीनं वीतभर काठी बसवली होती. बूड झपाट्यानं खालीवर झालं की काठी आधाराशिवाय ताठ उभी राहते, हे त्यांना लातूरच्या विज्ञान प्रदर्शनात दाखवायचंच होतं.

“मशीन लातूरला जाणार न्हाई,” सर म्हणाले. “तुमच्या प्रयोगाच्या फलकावर ‘कंप’ लिवलंय, ते वाचून तिथं कोण थांबंल?”

“तुम्ही काठी बघितली का, सर?”

“आत मरायला येऊ का?”

मॅडम वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी खिडकीतून वायर ओढली आणि बाक मशीनसकट मैदानात आणवला. डोक्यावर आता फक्त आभाळ होतं. सरांना सबब उरली नाही.

बटण दाबून मॅडमनी काठी बोटानं उभी केली आणि बोट काढलं. काठी तशीच राहिली.

“लोहचुंबक आसंल,” गौरम्मा म्हणाल्या.

“लाकूड हाय, मावशी.”

सरांनी काठी ढकलली. ती कलली, डोलली, सरळ झाली. त्यांनी पुन्हा ढकलली, जरा रागानं.

“पडत का न्हाई?”

“कलायला लागली की तेवढ्यात बूड कितीदा तरी खालीवर होतं. ते हिसकेच तिला सरळ करत्यात.”

“मग आमचं घर का पडलं?”



“घर म्हणजे काठी न्हाई, सर. आन् भूकंप ह्याच्यापुढं लई सावकाश हालतो. पडायला सवड देतो.” मॅडमनी वेग कमी केला. काठी धाडकन आडवी झाली. सर दोन पावलं मागं सरकले. मग पुढं आले, वेग वाढवायला लावला आणि काठी स्वतः उभी केली.

“फलकावरचा ‘कंप’ काढा.”

“शब्द राहील, सर.”

सरांनी काठी आणखी एकदा ढकलून बघितली.

“मग मशीन प्रदर्शनाच्या मंडपाबाहेर मांडा. मी येतो संगं. लोक पळाया लागले तर अडवायला माणूस पाहिजे.”

“आन् तुमाला कोण अडवंल, सर?” गौरम्मांनी विचारलं.