हॉर्नची लाल वायर

सुग्रीवच्या जुन्या गाडीचा हॉर्न वाजला की गाडी बंद पडायची आणि गाडी बंद पडली की त्याची बायको साधना मार खायची. हा क्रम त्यांच्या चिमुरड्या छकुलीलाही पाठ झाला होता. हॉर्न वाजला रे वाजला की ती मागच्या सीटवर दोन्ही कान दाबून बसायची.

दोष सुग्रीवचाच होता. भावकीत कुणाच्याच गाडीला नाही असा ट्रकचा हॉर्न त्याला हवा होता. मेकॅनिक नको म्हणाला, तर या शहाण्याने हॉर्नची लाल वायर स्वतःच पेट्रोल ओढणाऱ्या पंपाच्या रिलेवर पिळून टाकली. रिले म्हणजे डॅशबोर्डखालची काळी डबी, पंपाचा करंट तिच्यातून जातो. दोघांचा भार तिला सोसेना. हॉर्न दाबला की ती तापायची, पंप थांबायचा आणि गाडी जागच्या जागी उभी. मग साधनाने त्या डबीवर ओलं फडकं दाबून धरायचं आणि वर शिव्या ऐकायच्या. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

"अहो, हॉर्नमुळं तापून राह्यली ती," साधना एकदा म्हणाली होती. त्याने तिचं तोंड धरून डॅशबोर्डवर आपटलं. पुढचा दात तेव्हाच गेला.

"मला शिकवती? बापाचा ट्रॅक्टर हाकला म्हणून मेस्त्री झालीस काय?"

त्यानंतर तिने हॉर्नचं नाव काढलं नाही.

त्या दुपारी ते मंठ्याहून जालन्याकडे निघाले होते. दरवर्षी त्यांच्याच शेतात खतासाठी मेंढरं बसवणारा मेंढपाळ सांडू कळप घेऊन आडवा आला. सुग्रीवने हॉर्न दाबला तो सोडेचना. मेंढरं बिथरून दोन्हीकडच्या कपाशीत घुसली. डॅशबोर्डखालून जळका वास आला आणि गाडी मेली.

छकुली रडायला लागली. सुग्रीवने मागे वळून पोरीच्या अशी कानशिलात भडकावली की तिचं डोकं काचेवर आदळलं. ओठातून रक्त आलं. आजवर त्याने पोरीला हात लावला नव्हता. स्वतःचा मार साधनाने वर्षानुवर्षं गिळला होता, हा तिला गिळवेना. पोरीला घेऊन आजच सुटायचं, नाहीतर उद्या हिचेही दात जातील.

"मी येईस्तोवर गाडी चालू पाह्यजे. न्हाई तर दोघींला इथंच गाडतो!" सुग्रीवने टायरचा पाना उचलला आणि उतरला. चावी गाडीलाच राहिली. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. पहिला घाव सांडूच्या खांद्यावर बसला.

"मालक, मुकी जित्राबं हायेत हो!"

दुसरा मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज गाडीत ऐकू आला.

साधना खाली वाकली. तिने लाल वायर हिसडून तोडली. तापलेली रिले उपसून काढली तेव्हा बोटांचं कातडं तिलाच चिकटून आलं. शेजारी दिव्यांची अगदी तशीच रिले होती, न तापलेली. भर उन्हात दिवे कशाला लागतात? ती काढून तिने पंपाच्या जागी दाबून बसवली आणि सुग्रीवच्या सीटवर सरकली. चावी फिरवताच इंजिन चालू झालं.

तो आवाज ऐकून सुग्रीव धावत आला. पान्याने तिच्या बाजूची काच फोडून त्याने आत हात घातला आणि तिचे केस धरले.

"उतर, रांडे!"

तिने क्लच सोडला. केसांचा पुंजका त्याच्या मुठीत गेला आणि मागचं चाक त्याच्या पायावरून गेलं. त्याची किंकाळी ऐकून तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं. आरशात सांडू धड राहिलेल्या हाताने काठी उचलताना दिसला. तिने ब्रेक लावला नाही.

नवीन जालन्यात स्टेशनजवळ तिचा भाऊ भारत राहायचा. तिने गाडी तिकडेच घातली. केस उपटल्या जागेचं रक्त डोळ्यात उतरत होतं, भाजलेली बोटं स्टिअरिंगवर ठरत नव्हती, पण गाडी वाटेत एकदाही अडली नाही.

स्टेशनच्या वळणावर एक ऑटो मध्ये घुसला आणि तिचा तळहात हॉर्नवर पडला. हॉर्न वाजलाच नाही. पण आईचा हात तिकडे जाताना पाहूनच छकुलीने कान दाबले होते. डोळे गच्च मिटून ती पुढच्या फटक्याची वाट पाहत होती.

साधनाने गाडी कडेला घेतली. मागे वळून लेकीचे दोन्ही हात कानांवरून हळूहळू सोडवले.

"वाजत न्हाई आता तो, माय," ती म्हणाली. "मी तोडला त्याला."