फरशीला टाकी

शहाबादीला लोक गरिबाची फरशी म्हणतात आणि ते ऐकलं की माझं डोकं सणकतं. तीस वर्षं मी औरंगाबादच्या घरांमधून फरशा घासतोय. कोरडी शहाबादी राखेसारखी दिसते, हे मान्य. पण मशीनचा पहिला पत्थर फिरला आणि वर पाणी सोडलं की त्या राखेतून निळं निघतं, हिरवं निघतं, कुठं ढग, कुठं नदीचा काठ. शेवटच्या पत्थरानंतर तर अख्खं घर फरशीत उलटं उतरतं. पंखा खाली, खिडकी खाली, खिडकीतलं आभाळ त्याच्याही खाली. काम संपलं की मी पाच मिनिटं उकिडवा बसतो आणि त्या उलट्या घरात फिरून येतो. तिथं धूळ नसते, आवाज नसतो, कुणी ‘मुबारक, आटप’ म्हणत नाही. माझी बायको शकीला म्हणते, तुम्ही घरी येता तेव्हा अर्धे तिकडंच राहिलेले असता. खोटं नाही ते.

माझे वडील याच दगडाचं उलटं काम करायचे. खांद्याला पिशवी, पिशवीत छिन्नी-हातोडी, आणि गल्लोगल्ली ‘टाकीऽऽ’ अशी लांबलचक हाक. पाटा किंवा जातं गुळगुळीत झालं की त्यावर नीट वाटलं जात नाही. मग छिन्नीनं बारीक बारीक ठिपके मारून तो दगड पुन्हा खरखरीत करायचा, ती टाकी. अब्बा पायी दौलताबादपर्यंत जायचे. घरोघरी मिक्सर आले आणि त्यांची हाक बंद पडली. मला त्या कामाची लाज वाटायची. दगड खरखरीत करायला काय अक्कल लागते, असं मी एकदा त्यांच्या तोंडावर बोललो होतो. ते छिन्नीला धार लावत राहिले. ते गेल्यावर त्यांची छिन्नी मी माझ्या पेटीत तळाशी टाकली आणि ती तिथंच राहिली.

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. सिडकोत, एन-सातला, नानासाहेबांनी मला बोलावलं. तहसील कचेरीतून निवृत्त झालेला, सडपातळ, उत्साही माणूस. मुलगा पुण्याला. घरात ते आणि त्यांच्या मंडळी द्वारकाबाई. पुढं बैठकीची खोली, आत एक खोली, सैपाकघर, मागं न्हाणी. सोळा वर्षांपूर्वी बसवलेली फरशी, आणि बसवणाऱ्या मिस्त्रीनं त्या दिवशी बहुतेक डोळे घरी ठेवले होते. एक फरशी वर, एक खाली, दारातलीचा टवका उडालेला. माझे हात शिवशिवायला लागले.

“मुबारक, पानचक्कीच्या हौदातल्या पाण्यासारखी दिसली पाहिजे बघ,” नानासाहेब म्हणाले.

“त्याच्याहून बेस दिसंल, साहेब.”

“अन् घरात उजेड वाढतो का रे यानं?”

“वाढतो की. खिडकीतलं ऊन उसळून भिंतीवर चढतं.”

“लई वाढतो?”

हे त्यांनी तासाभरात तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी वैतागलोच. “साहेब, फरशी हाय ती, ट्यूबलाइट नाय.” ते हसले, पण जरा वेळानं खिडकीपाशी जाऊन खाली-वर बघत उभे राहिले.

मी खोल्यांची मापं घेत होतो तेव्हा द्वारकाबाई चहा घेऊन आल्या. अनवाणी, झपझप. त्यांची चाल मला गमतीची वाटली. वळायच्या जागी अंगठा किंचित पुढं जायचा, फरशीची वर आलेली कड चाचपायचा आणि मग पाऊल वळायचं. मी आपल्या तंद्रीत होतो. मला वाटलं, बिचाऱ्यांना ठेच लागत असणार.

“मावशी, चार दिवसांनी हे समदं सपाट. पाय अडायचा नाय कुठं,” मी म्हणालो.

त्या थांबल्या. “कुठंच नाय?”

“कुठंच नाय.”

बाहेर नानासाहेब शेजाऱ्याला पानचक्कीच्या हौदाचं सांगत होते. त्या आवाजाकडं तोंड करून बाई जरा वेळ उभ्या राहिल्या. “बरं,” त्या म्हणाल्या, “ह्यांना लई हौस हाय.” दुसऱ्या दिवशी त्या बहिणीकडं शेंद्र्याला गेल्या, कारण मशीन चालू झालं की घरात चिखलाशिवाय काही नसतं.

त्या चार दिवसांइतकं सुखाचं काम मी फार कमी वेळा केलं असेल. वर आलेल्या कडा घासून घासून खाली बसवल्या. सांधे भरले. टवका उडालेली फरशी बदलून तिथं जुळत्या रंगाची बसवली. पाणी फिरत होतं, मशीन घुमत होतं आणि त्या घुमण्यात मला झोप आणि जाग यांमधलं काहीतरी व्हायचं. चौथ्या दिवशी दुपारी सगळं धुऊन पुसलं. मी उकिडवा बसलो आणि उलट्या घरात उतरलो. तिथं नोव्हेंबरचं कोवळं ऊन होतं, देवाच्या कोनाड्यातली पितळी घंटी होती. कितीतरी वेळ मी वर आलोच नाही.

पाचव्या दिवशी बाई परतल्या. माझी पोती अजून एका कोपऱ्यात पसरलेली होती, चिखलानं बरबटलेली. नानासाहेब रिक्षातून उतरल्यापासून लहान पोरासारखे पुढं-मागं करत होते. “बघ, बघ आता!”

बाईंनी दारात चप्पल काढली, पाऊल आत टाकलं, आणि तिथंच थांबल्या. अंगठा पुढं गेला. डावीकडं गेला. उजवीकडं गेला. त्याला काहीच लागेना. मग चेहऱ्यावर हसू आणून त्या म्हणाल्या, “अगं बाई, आरसाच झालाय की!”

त्या माझ्या बरबटलेल्या पोत्यांकडं बघत होत्या.

नानासाहेबांचं लक्ष नव्हतं, का होतं, मला तेव्हा कळलं नाही. ते लगेच वळून “पेढे आणतो” म्हणाले आणि गेलेसुद्धा. फाटक वाजल्यावर बाई हळूच म्हणाल्या, “मुबारकभाई, सैपाकघर कुणीकडं हाय?”

सोळा वर्षं नांदलेल्या घरात उभ्या राहून बाई मला, एका परक्या माणसाला, हे विचारत होत्या. मी त्यांचा हात धरला आणि आत नेऊन पाटावर बसवलं.

“नजर गेली माझी. दीड वरीस झालं,” त्या म्हणाल्या. “बहिणीसंगं जाऊन दाखवलं. काचबिंदू म्हणला डाक्टर. गेलेली काय परत येत नाय. आता निस्ता धूर दिसतो.”

“साहेबांना ठाऊक नाय?”

“सांगितलं की हे घर बंद करतेल अन् मला पुण्याला पोराकडं नेतेल. तिथं तिसऱ्या मजल्यावर मला कोण वळखतं अन् मी कुणाला? हितं मला पायानं दिसायचं. दारातली फुटकी, तिथून तीन पावलांवर वर आलेली, तिथं वळलं की चूल. समदं बरोबर चाललं होतं बघा.” त्यांनी फरशीवरून तळहात फिरवला. “तुमची काय चूक नाय. तुम्ही तुमचं काम केलं. पण समदं पुसून गेलं.”

माझ्या कामाला नावं ठेवणारे मी पुष्कळ पाहिलेत आणि प्रत्येकाला जागच्या जागी सुनावलंय. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. ठेच लागत असेल म्हणे! जो अंगठा वाट वाचत होता, त्याच्यापुढची अक्षरं मी चार दिवस मोठ्या आनंदानं घासत बसलो होतो.

“उद्या साहेब कुठं जाणार हायेत का?” मी विचारलं.

“बँकेत. पेन्शनसाठी जिवंत हाय म्हणून सही करायला. दुपार होती तिथं.”

दुसऱ्या दिवशी मेणाचा आणखी एक हात मारायचाय असं सांगून मी आलो. नानासाहेब बँकेत गेले आणि मी पेटीच्या तळातून अब्बांची छिन्नी काढली. आरशासारख्या फरशीवर पहिला घाव घातला. ठिपका खोल गेला. बाईंनी अंगठा लावून बघितला. “हे टोचतं.” दुसरा मारला. “हे लागतच नाय.” दहा-बारा ठिपके असेच वाया गेले. अब्बा पाट्यावर शेकडो ठिपके मारायचे, सगळे एका खोलीचे, तेही हाका मारत, गप्पा मारत. अक्कल कुठं लागते ते मला पन्नाशीत कळत होतं. अब्बा, माफ करा, असं मी मनात म्हणालो, आणि मग हात हलका झाला.

दारात आडवी रेघ. वळणावर गोल. देवाच्या कोनाड्यापाशी पाच ठिपके, पलंगापाशी रुंद पट्टा. मी पुढं सरकायचो आणि बाई मागून अंगठ्यानं तपासत यायच्या. छिन्नीचा किण किण आवाज घरभर फिरत होता. काळ्या-निळ्या फरशीवर पांढरे ठिपके उमटत होते आणि खालच्या उलट्या घरात भरदुपारी चांदण्या निघाल्यासारखं दिसत होतं. सैपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचलो तेव्हा बाई स्वतःच्या स्वतः आत गेल्या, डबा काढला, स्टो पेटवला. “चहा टाकते,” त्या आतून म्हणाल्या. आवाज कालच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होता.

मी घाम पुसून मान वर केली, तर दारात नानासाहेब उभे. चष्मा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परतले होते.

त्यांनी फरशी बघितली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी हात जोडले आणि सैपाकघराकडं खूण केली, बोलू नका. बाईंचं गुपित फुटलं, आता घर बंद, असंच माझ्या मनात आलं. नानासाहेबांनी सवयीनं चप्पल काढली आणि आत पाऊल टाकलं. ते नेमकं आडव्या रेघेवर पडलं. ते खाली बघत राहिले. मग दुसरं पाऊल टाकलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि ठिपक्यांवरून पाय घासत, हात किंचित पुढं धरून चालायला लागले. वळणाचा गोल सापडला, वळले, आणि सैपाकघराच्या दारात जाऊन थांबले. बाई समोरच होत्या, हातभर अंतरावर, तोंड त्यांच्याकडंच.

“मुबारकभाई,” बाई म्हणाल्या, “हे यायच्या आत आवरा. न्हाणीकडचं तेवढं राहिलंय.”

नानासाहेब आले तसे मागं फिरले. माझ्याजवळ वाकले आणि अगदी हळू म्हणाले, “मला ठाऊक हाय रे. डाक्टरची चिठ्ठी कपाटात घावली होती. म्हणलं उजेड वाढला तर दिसंल तिला थोडं.” त्यांनी न्हाणीकडं बोट केलं. “न्हाणीकडचं तेवढं राहिलंय,” ते म्हणाले.

मग ते बाहेर गेले. चप्पल घातली, फाटक उघडून धाडकन लावलं आणि पाय वाजवत आले. “अगं, चष्मा राहिला बघ माझा! अन् मुबारकचं चालू दे हां. काल माझा पाय सटकला त्या फरशीवरून. मीच म्हणलं त्याला, थोडी टाकी लाव.”

आत कपबशीचा आवाज थांबला. स्टो तेवढा फुरफुरत होता.

“मग न्हाणीकडं बी लावून घ्या,” बाई आतून म्हणाल्या. “तिथंच जास्ती सटकता तुम्ही.”

नानासाहेबांनी माझ्याकडं बघितलं आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मला खालचं उलटं घर दिसेना, माझेही डोळे भरले होते. मी न्हाणीच्या बाजूला सरकलो, अंगठ्यानं जागा चाचपली आणि ठिपका मारला. तो बरोबर बसला.