आफ्रिकेचा कागद

"कुठल्या तोंडानं जानार तुमी कुलकर्ण्यांच्या दारात?"

रत्नव्वानं शेणाची पाटी धाडदिशी खाली टाकली. भीमाप्पा उंबऱ्यात बसून पायताणाचा अंगठा नीट करत होता. त्यानं मान वर केली नाही.

"म्हस इकली. माझी दुबती म्हस," ती म्हणाली. "तवाच म्हनलं हुतं, आपल्याला न्हाय झेपायचं ह्ये."

"आता माघारी फिरून म्हस येनार हाय व्हय?" भीमाप्पा उठला. कोनाड्यातली गुळाची लहान ढेप त्यानं फडक्यात बांधली आणि मोटारीच्या थांब्याकडं चालू लागला.

भीमाप्पा गुळव्या, उसाचा रस आटवून गूळ उतरवण्यात तरबेज. हंगामात त्याच्या दारात माणसं हेलपाटे घालायची, आमच्या गुऱ्हाळावर चल म्हणून. पण हंगाम सरला की तो आणि त्याचा दीड एकर माळ एकमेकांकडं बघत बसायचे. अशात पेठेतल्या मगनशेटनं त्याला बोलावून घेतलं. शेटचा मेहुणा आफ्रिकेत गुळाचा कारखाना चालवायचा. तिकडं ऊस उदंड, पण चांगला गुळव्या मिळत नव्हता. तीन वर्षांची बोली, बोटीचं भाडं मेहुण्याचं. तिकडच्या सरकारचा परवानाही आला. त्यावर मुदत होती, सहा महिन्यांच्या आत माणूस तिथं उतरला पाहिजे.

भाडं मेहुण्याचं खरं, पण बोटीपर्यंतची वाट भीमाप्पाची. पासपोर्टाचा अर्ज, फोटो, पिवळ्या तापाची सुई टोचून घ्यायला मुंबईची खेप, आणि जामीन. हा तिकडं अडला-नडला तर परत आणायचा खर्च मी सोशीन, असं लिहून देणारा जमीनवाला माणूस. रत्नव्वाच्या बापानं हातापाया पडायला लावून सही केली. बाकीचं सगळं म्हशीवर भागलं. एवढं होईस्तोवर तीन महिने गेले, आणि मग कचेरीतला कारकून म्हणाला,

"जन्माचा दाखला कुठाय?"

दाखला जळला होता. पाच वर्षांमागं, गांधीबाबाला मारल्याची बातमी आली आणि मुलूखभर बामणांची घरं पेटली, तेव्हा गावच्या कुलकर्ण्याचं घरही पेटलं. गावाचं सगळं दप्तर त्या घरात होतं. भीमाप्पानं शाळेचं तोंड बघितलं नव्हतं, म्हणजे तिथलाही कागद नाही.

"मग नोंद ज्यांनी ठेवली त्यांच्याकडून लिहून आणा," कारकून म्हणाला.

त्र्यंबकराव कुलकर्णी आता कोल्हापुरात मंगळवार पेठेत दोन खोल्यांत राहायचे आणि एका दुकानात हिशेब लिहायचे. भीमाप्पा दारात जाऊन उभा राहिला. त्र्यंबकरावांनी त्याला ओळखलं, पण या म्हटलं नाही. आतून त्यांच्या आई, माई, भिंत चाचपत आल्या. त्यांना दिसायचं बंद झालं होतं.

"कोण आलंय रे?"

"म्या, माई. बसाप्पा गुळव्याचा भीमाप्पा."

माईंचा चेहरा एकदम उजळला. "बसाप्पाचा? अरे, ये की आत! त्र्यंबक, पाणी दे त्याला."

त्यानं दाखल्याचं सांगितलं. त्र्यंबकराव म्हणाले, "साल आठवत नाही मला. अंदाजानं मी काही लिहिणार नाही."

"मला आठवतंय ना!" माई म्हणाल्या. "मानमोडीच्या तापाचं साल, सन अठरा. दसऱ्याचा दुसरा दिवस. माझा मधला मुलगा सकाळी गेला. त्याला पोचवून सगळे परत येत होते, तर वाटेतच बसाप्पा सांगत आला, मुलगा झाला म्हणून. मी ते विसरेन होय?"

मग त्यांनी विचारलं, "घर पेटलं तेव्हा तू कुठं होतास रे?"

"गुऱ्हाळावर हुतो, माई."

त्र्यंबकरावांनी टाक दौतीत बुडवला, भीमाप्पाकडं एकदा बघितलं आणि जन्माची तारीख लिहून दिली. गूळ मात्र त्यांनी घेतला नाही.

दाखला लागला. मग पोलिसांची चौकशी आली. जमादारानं चावडीत बसून जुनं बाड उलटलं.

"जाळपोळीच्या यादीत तुझं नाव हाय की रं."

भीमाप्पानं हात जोडले. "म्या काय पेटीवलं न्हाय, साहेब. खटला बी न्हाय झाला माझ्यावर."

"खटला न्हाय, पर नाव हाय. असल्या माणसाला सरकार भाईर कसं धाडंल? कुलकर्णी लिवून देत्याल का, तू नव्हतास म्हणून? मग खोडतो मी."

परवान्याचे पाच आठवडे उरले होते. भीमाप्पा पुन्हा मंगळवार पेठेत गेला.

"एक ओळ लिवा, आण्णा," तो दारातूनच म्हणाला. "म्या तितं नव्हतो म्हणून. माझी पोरंबाळं तुमचं नाव घ्येतील."

"तू होतास," त्र्यंबकराव शांतपणे म्हणाले. "माईला मागच्या दारानं काढताना मी तुला पाहिलं. अंगणात होतास."

"नव्हतो, आण्णा. शपत."

आत माई वाती वळत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. त्यांनी इकडं कान दिला.

भीमाप्पा खाली बसला. "हुतो," तो म्हणाला. "धूर बघून पळत आलो, माई. ती मानसं भाईरची हुती. राकेलचे डबे घिऊन आलती. आमी गाववालं पंचवीस-तीस जन हुबं हुतो. आड भरल्याला हुता, दोर हुता, बारडी हुती. कुनी हात घालीना. म्हनलं, मी पुढं झालो तर माझं बी घर पेटीवत्याल. कोन तर पुढं हुईल म्हनून बघत ऱ्हायलो."

"आणि कुणीच झालं नाही," त्र्यंबकराव म्हणाले. "जे मी पाहिलं ते लिहून देतो. जास्त नाही, कमी नाही."

कचेरीत कारकुनानं तो कागद मोठ्यानं वाचला. 'भीमाप्पा बसाप्पा हा इसम आग लावणाऱ्यांत नव्हता. तो आमच्या अंगणात उभा होता. त्याने आग विझवण्याचा प्रयत्न केला नाही.' कारकुनानं चष्मा वर सरकवला.

"कबूल असेल तर खाली अंगठा करा. नसेल तर कागद न्या, पण मग यादीतलं नाव तसंच राहील."

"आनि अंगठा केला तर?"

"तर हजर होतात असं तुम्हीच लिहून दिल्यासारखं होईल. मी वर पाठवतो. वरचे काय करतील ते मला काय ठाऊक?"

भीमाप्पानं शाईत अंगठा बुडवला.

पाच आठवडे सरले. वरून होय आलं नाही, नाही पण आलं नाही. मगनशेटनं दोनदा निरोप धाडला, तिसऱ्यांदा नाही धाडला. अथणीकडचा कुणी गुळव्या बोटीत बसला असं पेठेतून कळलं.

त्या दिवशी दोघं माळावर हरळी खणत होती. जमीन दगडासारखी झाली होती, कुदळ टणटण वाजायची. रत्नव्वानं घाम पुसला.

"नव्हतो, असंच रेटून का न्हाई म्हनलासा? कुलकर्णी काय देव हाय व्हय, त्येला सगळं दिसलं?"

"म्हनलो की. शपत बी घेतली."

"मग?"

"माई आत बसल्याल्या हुत्या."

रत्नव्वानं त्याच्याकडं बघितलं. तिनं पदर पुन्हा खोचला.

"मग खना," ती म्हणाली. "हितंच खना आता."